चार ग्रॅम

वजनमापाच्या ऑफिसात माझा नंबर सव्वीस होता आणि अकरा वाजेपर्यंत गाडी जेमतेम चौदापर्यंत आली होती. मांडीवर लाकडी पेटी, पेटीत बाबांचं एक किलोचं पितळी वजन आणि दोन्ही गुडघ्यांत कळ. पेटी शेजारी बाकावर ठेवता आली असती. पण बाबा ती बाहेर कुठेही टेकवत नसत, म्हणून मीही टेकवली नाही. माणूस जातो, पण त्याच्या सवयी मागे राहून आपल्याला राबवतात.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्यामागे तीन महिन्यांनी आई गेली. आमचं काटेदुरुस्तीचं दुकान, त्याचा परवाना अजून बाबांच्याच नावावर होता. तो माझ्या नावावर करायचा तर दुकानातलं मूळ वजन नव्याने तपासून आणायला हवं होतं. मूळ वजन म्हणजे हेच. बाजारातल्या एकेचाळीस दुकानांचे काटे बाबा याच्यावर लावायचे. आमची बाकीची लहानमोठी वजनंसुद्धा याच्याशीच जुळवलेली. बॅटरीवरचे काटे आले तेव्हा लोक म्हणाले, आता तुमचा धंदा बसला. बाबा म्हणाले, बसू दे, पण किलो म्हणजे किती हे त्या डब्यालाही कुणीतरी सांगावंच लागेल.

बाजारात त्यांना ‘बिनचूक’ म्हणत. खरं नाव पोस्टमन सोडून कुणाला माहीत नसावं. मी बिनचूकांची पोरगी. वयाची चोपन्न वर्षं झाली तरी पोरगीच.

तपासणीच्या खोलीत एक चष्मेवाली मुलगी होती. तिने हातमोजे घातले, वजन उचलून काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवलं आणि आकडा थांबायची वाट पाहिली. मग उतरवलं. पुन्हा ठेवलं. असं तीनदा. मला वाटलं, नवीन आहे बिचारी, जमत नसेल.

“काकू, हे कमी भरतंय.”

“तुमचा काटा एकदा बघून घ्या,” मी म्हणाले. वर हेही म्हणाले की हे वजन कुणाचं आहे ते तुम्हाला माहीत नसेल.

तिने कपाटातून ऑफिसचं वजन काढलं आणि काट्यावर ठेवलं. हजार. एक कणही इकडे नाही की तिकडे नाही. मग आमचं ठेवलं. नऊशे शहाण्णव.

“चार ग्रॅम,” ती म्हणाली. “शेवटचं कधी तपासलं होतं?”

पेटीच्या झाकणाला आतून प्रमाणपत्र चिकटवलेलं होतं. सोळा वर्षांपूर्वीचं. मग हे ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं, मग बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मग माझे गुडघे. दरवर्षी ‘यंदा नेऊन आणू’ म्हणायचं आणि वर्ष जायचं.

“नुसतं ठेवून एवढं झिजत नाही. तुम्ही हे घासत होतात का?”

“मी नाही. आई.”

“वजन घासायचं नसतं काकू. ब्रशने धूळ झटकायची, बस.”

“माहीत आहे,” मी म्हणाले. “बाबा सगळ्या बाजाराला हेच सांगायचे.”

नियमाप्रमाणे तिने ते बाद करून त्यावर फुली कोरायला हवी होती. मी तिला सांगितलं, येत्या रविवारी व्यापारी मंडळ बाबांचा फोटो लावणार आहे, आणि फोटोखाली काचेच्या कपाटात हे वजन ठेवणार आहे. तिने कोरणी बाजूला ठेवली. मग कागदावर ‘वापरास अयोग्य’ असं लिहून सही घेतली आणि वजन तसंच परत दिलं. ऑफिससमोरच्या दुकानात शिक्का मारलेली नवी वजनं मिळतात. त्यातलं एक घेतलं, ते तपासून परवान्याचं काम पुरं केलं आणि बस पकडली. मांडीवर आता दोन किलो होते. चार ग्रॅम कमी.

हिशेब सोपा होता. या वजनावर लावलेला काटा नऊशे शहाण्णव ग्रॅमलाच किलो म्हणतो. म्हणजे गेली काही वर्षं बिनचूकांच्या भरवशावर आमचा सगळा बाजार गिऱ्हाइकाला कमी देत होता. सुरुवातीला अर्धा ग्रॅम असेल, मग एक, मग दोन. कुणी लबाडी केली नव्हती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. चौतीस वर्षं तिने अनोळखी माणसांच्या चादरी धुतल्या. ती म्हणायची, दुसऱ्याच्या अंगाखाली घालायची चादर अशी हवी की आपण तिच्यावर निजू. घरात वेगळी शिकवण अशी तिने कधी दिली नाही. भांडं परत घासायला लावायची, तेवढं पुरे होतं. निवृत्त झाल्यावर चार दिवस ती खुर्चीत बसली. पाचव्या दिवशी डबा घेऊन दुकानात आली आणि बाबा जेवत होते तेवढ्यात तिने काउंटर पुसला, काच पुसली, पंख्याची पाती पुसली. मग तिची नजर मूळ वजनावर गेली. पितळ काळवंडलं होतं.

मी तिथेच होते. बाबा हात धुऊन आले तेव्हा ती वजन उजेडात धरून उभी होती. एका हातात जुन्या बनियनचं फडकं, काउंटरवर पितळ घासायच्या भुकटीचा डबा. “बघा,” ती म्हणाली, “कसं दिसतंय.” बाबांनी तोंड उघडलं. वजनाला नुसतं बोट लावलं म्हणून मी त्यांच्या हातची चापट खाल्लेली आहे, त्यामुळे आता काय होणार ते मला माहीत होतं. पण बाबा म्हणाले, “छान.”

बस, एवढंच. त्या ‘छान’वर तिने रोज दुपारी ते वजन घासलं. बाबा गेल्यावरचे तीन महिनेही घासलं. सगळ्या दुनियेला शहाणपण सांगणारा माणूस स्वतःच्या बायकोला एक वाक्य सांगू शकला नाही. मला त्यांचा राग आला. बसमध्ये, दोन्ही वजनं मांडीवर घेऊन, मेलेल्या बापाचा राग आला, आणि लगेच रडूही आलं. शेजारच्या बाईने पिशवी सावरून घेतली.

घरी पोचेपर्यंत धाकट्या भावाचा फोन. तो दुसऱ्या शहरात असतो, विमा कंपनीत साहेब आहे. रविवारच्या कार्यक्रमाची सगळी धावपळ त्यानेच फोनवरून केली होती. फोटो मोठा करून घेणं, पत्रिका छापणं, फोटोखालच्या पाटीवर ‘बिनचूक’ एवढाच शब्द ठेवणं, सगळं त्याच्या डोक्यातलं. आईचं नाव पत्रिकेत नव्हतं. ते मलाही खटकलं नव्हतं. आईचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, याची घरात सगळ्यांना सवय होती, तिला सगळ्यात जास्त.

मी त्याला वजनाचं सांगितलं. कशामुळे ते सांगितलं नाही. तेवढा दम नव्हता.

“ताई, चार ग्रॅम म्हणजे किती माहिती आहे का? चिमूटभर.”

“रोजची चिमूट. एकेचाळीस दुकानांत.”

“सरकारची काही सूट असते ना?”

“असते. पाच ग्रॅमपर्यंत चालवून घेतात.”

“मग झालं तर. कायद्यात बसतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई. सोमवारपासून नव्या वजनावर हळूहळू एकेक काटा लावून टाक. कुणाला पत्ता लागणार नाही. आता बाबांना चुकीचं ठरवून कुणाला काय मिळणार आहे?”

मी ‘बघते’ म्हणाले आणि फोन ठेवला.

खरं सांगायचं तर मलाही गप्पच बसायचं होतं. वर्षभरात दोन माणसं गेली. इस्पितळं झाली, दाखले झाले, कपाटं रिकामी झाली, गॅसच्या जोडणीपासून पाण्याच्या मीटरपर्यंत प्रत्येक ठिकाणी ‘ते वारले’ असं तोंडाने सांगून झालं. मेलेल्या माणसांची कामं जिवंत माणसांपेक्षा जास्त असतात, आणि ती करताना चहासुद्धा कुणी विचारत नाही. त्यात आता बाजारभर फिरून ‘आमच्या बाबांचं वजन कमी होतं’ असं सांगायचं. ज्या एका गोष्टीसाठी लोक त्यांना मानत होते, नेमकी तीच आपल्या हाताने पुसायची. तीसुद्धा फोटो लागायच्या चार दिवस आधी.

पण बाबांनी मला एकदा भर दुपारी कोळशाच्या वखारीत नेलं होतं. मी नऊ वर्षांची असेन. आदल्या दिवशी त्यांनी तिथला काटा दुरुस्त केला होता आणि रात्री जेवताना त्यांच्या लक्षात आलं की एक पेच उलटा बसवलाय. काटा उलट जास्त माल देत होता, त्यामुळे गिऱ्हाइकाची काही तक्रार नव्हती आणि वखारवाल्याला पत्ताही नव्हता. बाबांनी चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, “काल माझी चूक झाली.” लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येताना मी विचारलं की गुपचूप पेच बदलला असता तर चाललं नसतं का. ते म्हणाले, “चूक दुसऱ्याने पकडली की ती लबाडी होते. आपण सांगितली की चूकच राहते.” आणि सरकारच्या त्या सवलतीबद्दल ते काय म्हणत, तेही मला पाठ होतं. सूट काट्याला असते, माणसाला नसते.

आईबाप असं काहीतरी बोलून जातात आणि निघून जातात. निस्तरायचं आपण.

बुधवारी सकाळी नवं वजन, पेचकस आणि ब्रश पिशवीत टाकून निघाले. पहिलं दुकान मुद्दाम मंडळाच्या अध्यक्षांचं घेतलं. धान्याचे व्यापारी, अंगाने भारदस्त, आवाजानेही. मी सगळं सांगून होईपर्यंत ते एकाच पोत्याकडे बघत होते.

“सोमवारी केलं असतं तर चाललं नसतं का?” ते म्हणाले.

“बाबांनी आजच केलं असतं.”

“बाबा गेले, बाई. मी भाषणात बोलू काय? पाटी लिहून आलीये. कपाट आलंय.”

मी त्यांचा काटा लावून दिला. चार ग्रॅमचा फरक त्यांनी स्वतः वाकून पाहिला आणि कपाळावरचा घाम पुसला. “समितीला विचारावं लागेल,” म्हणाले. यापलीकडे त्यांनी मला काही ऐकवलं नाही. पण मी निघाले तेव्हा नेहमीसारखे दारापर्यंत आले नाहीत.

त्यानंतर चार दिवस एकच वाक्य. “बाबांचं वजन चार ग्रॅम कमी निघालं, तुमचा काटा नव्याने लावायला आलेय.” पहिल्या पाच-सहा दुकानांत ते अडखळत निघालं. नंतर वाक्य गुळगुळीत झालं. शेवटी शेवटी तर मी ते वीज मीटरवाल्यासारखी बोलत होते. लोकांचं म्हणाल तर व्यक्ती तितक्या प्रकृती. किराणावाला हसला आणि म्हणाला, चार ग्रॅमसाठी एवढी पायपीट, तुमच्या घरात सगळेच असे आहेत का? मसाल्याच्या दुकानातला मालक उखडला, कारण दुकानात गिऱ्हाईक होतं आणि त्या गिऱ्हाइकाने ताबडतोब विचारलं, म्हणजे इतकी वर्षं आम्हाला कमी मिळत होतं की काय. खिळे-मोळे विकणारा म्हणाला, “बिनचूकांनी उभ्या जन्मात चूक केली नाही. चूक तू करतेयस, पोरी. मेलेल्या माणसाची अब्रू ही अशी चव्हाट्यावर मांडायची नसते.” मी त्याच्या काट्याचा पेच पिळत राहिले. तो चुकीचं बोलतोय असं मला तेव्हा ठामपणे वाटलं असतं तर बरं झालं असतं. वाटलं नाही.

शुक्रवारी दुपारी कोपऱ्यावरच्या कांदेवाल्या आजींकडे पोचले. त्यांच्याकडे अजून दांडीचा तराजू आहे, साखळीवाला. त्यांची वजनंही बाबांनीच जुळवून दिलेली. मी माझं वाक्य म्हटलं. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं. आता अख्ख्या कोपऱ्याने ऐकलं.

“चार ग्रॅम?” आजी म्हणाल्या. “मी मेलं प्रत्येक किलोमागे एक कांदा वर टाकते. तुझ्या बापाच्या वजनावर मी कधी विसंबलेच नाही.”

मी तीन दिवसांत पहिल्यांदा हसले. आणि त्यांच्या पोत्यावरच बसले.

“बस, बस,” त्या म्हणाल्या. “झिजलं असेल. तुझी आई काय घासायची ते. मी इथून बघायची ना रोज. दारात बसायची उन्हात, आणि घासताना त्याच्याशी बोलायची.”

“कुणाशी?”

“वजनाशी. आणखी कुणाशी? बाप तुझा कामात मुंडी खाली घालून, तू काटे लावायला फिरतीवर. बोलणार कुणाशी ती?”

हे मला माहीत नव्हतं. सोळा वर्षं त्याच दुकानात वावरूनही माहीत नव्हतं. काय बोलायची, ते आजींनाही माहीत नव्हतं. ऐकू कमी येतं.

शनिवारी दुपारी भाऊ थेट दुकानात आला. बॅग ठेवायच्या आधीच त्याने तोंड सोडलं. अध्यक्षांचा त्याला फोन गेला होता. समितीचं म्हणणं, फोटो लागेल, पण पाटीवरचा ‘बिनचूक’ हा शब्द काढू या, आणि कपाटात जुन्याऐवजी नवं वजन ठेवू. दिसायला सारखंच, कुणाला काय कळतंय.

“आणि तू काय म्हणालास?”

“मी म्हणालो, ताईला विचारतो. मिळालं ना तुला हवं ते? सगळ्या गावाने बापाला कमी मापाचा म्हटलं. तू खूश?”

अजून सहा दुकानं राहिली होती. मी पिशवी उचलली आणि पायरी उतरताना गुडघ्याने दगा दिला. पडले नाही, पण दाराची चौकट धरून उभी राहिले. भाऊ बघत होता. मग पुढे आला आणि काही न बोलता माझ्या हातातली पिशवी घेतली. सहाही दुकानांत तो माझ्यामागे उभा होता, तोंड फुगवून, पिशवी छातीशी धरून. एकाही ठिकाणी त्याने ती खाली टेकवली नाही. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुकानात परत आलो तेव्हा संध्याकाळ होत होती. मी आत चहा ठेवायला गेले. चहा गाळून बाहेर येते तर हा काउंटरपाशी उभा. पेटी उघडलेली, डाव्या हातात वजन, उजव्या हातात आईचं फडकं, पुढ्यात भुकटीचा डबा.

“ठेव ते,” मी ओरडले. चहा हातावर सांडला.

तो दचकला. “अगं, किती काळं पडलंय बघ. उद्या शंभर माणसं बघणार. जरा घासतो, चमकेल तरी.”

“हात लावू नकोस त्याला.”

“का पण? आई तर रोज…”

आणि तो थांबला. माझ्या भावाला हिशेब पटकन कळतो, विम्याचा धंदाच तसा आहे. त्याने हातातल्या फडक्याकडे पाहिलं. पितळेच्या काळपट हिरव्या मळाने ते फडकं पुठ्ठ्यासारखं कडक झालं होतं. आई ते धूत नसे. आयुष्यभर चादरी धुतलेली बाई, पण ते फडकं धूत नसे. म्हणायची, मुरलेलं फडकं चांगलं घासतं.

“बाबांना माहीत नव्हतं?” त्याने विचारलं.

“वजन घासायचं नसतं हे त्यांना माहीत होतं. ती घासते हेही माहीत होतं. पण दोन्ही एकत्र कधी आणलं नसेल. किंवा आणलं असेल आणि तिला सांगवलं नसेल. मला नाही माहीत.”

मी त्याला ते ‘छान’ सांगितलं. कांदेवाल्या आजींनी सांगितलेलंही सांगितलं. तो बाबांच्या स्टुलावर बसला आणि बराच वेळ वजन नुसतं हातात धरून राहिला, मांजराच्या पिलासारखं. चहा निवला. मग त्याने वजन पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि फडकं घडी करून खिशात घातलं. ते कशाला घेतोस, असं मी विचारलं नाही. घरातल्या वस्तूंवरून भावंडं भांडतात म्हणे. आमच्यात वाटणीला आलं ते हे.

रविवारी मंडळाचं सभागृह भरलं होतं. लोक येतील का, याची मला धास्ती होती. पण अशा वेळी तर जास्तच येतात. अध्यक्ष बोलायला उठले आणि त्यांनी बाबांच्या कष्टांबद्दल, साधेपणाबद्दल, सायकलबद्दल सांगितलं. वजनमापाबद्दल एक अक्षर नाही. काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दल काट्याचं नाव न काढता वीस मिनिटं बोलणं सोपं नाही, हे मी मान्य करते. फोटोखालच्या पाटीवर पांढरा कागद चिकटवलेला होता. अजून काय लिहायचं ते ठरलं नसावं.

मग त्यांनी मला बोलावलं. मला भाषण येत नाही. माझं चार दिवसांचं वाक्य तेवढं तोंडात तयार होतं.

“बाबांचं वजन चार ग्रॅम कमी निघालं,” मी म्हणाले. “बहुतेकांना मी हे सांगितलंय. जे राहिले असतील त्यांना आता सांगते. सगळे काटे काल संध्याकाळपर्यंत लावून झालेत. हे बाबांनीच केलं असतं, त्यांच्याकडून राहिलं, म्हणून मी केलं. कपाटात ठेवायचं तर हेच वजन ठेवा. नवं नको. आणि पाटीवर ‘बिनचूक’ लिहू नका. त्यांचं वजन जेवढं आहे तेवढं लिहा.”

कुणीतरी खोकलं. खिळेवाला पहिल्या रांगेत होता, तो खाली बघत होता. मी पाटीवरच्या कागदावर पेनने लिहिलं, ‘९९६ ग्रॅम’. अक्षर वाकडं आलं, कारण भिंतीवर लिहायची सवय नाही. मग पेटीतून वजन काढलं, रुमालाने धरून, आणि कपाटात ठेवलं. काळवंडलेलं होतं. आई गेल्यापासून कुणी ते घासलं नव्हतं.

मी बाजूला झाले तर भाऊ पुढे आला. त्याने खिशातून फडकं काढलं, घडी नीट केली आणि वजनाच्या शेजारी ठेवलं. पुढच्या रांगेतल्या लोकांनी माना लांब केल्या. अध्यक्ष अवघडले. एवढं नवंकोरं काचेचं कपाट, आणि त्यात ही चिंधी. ते त्याच्या कानाशी लागले, पण त्यांचा कुजबुजीचा आवाजही भारदस्त. सगळ्यांना ऐकू गेला.

“अहो, हे मळकं फडकं कशाला आत?”

“आमच्या आईचं आहे,” भाऊ म्हणाला. “बाकीचे चार ग्रॅम त्यात आहेत.”

अध्यक्षांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी फडक्याचं बाहेर आलेलं टोक बोटाने आत सारलं आणि काचेचं दार लावून घेतलं.